मागच्या चाकाखालचं लिंबू

दिनकर भोकऱ्यांच्या घरी नवी तीनचाकी आली, त्याच दिवशी तिची पुढची दोन चाकं बेडगला पोचली. मागचं एक चाक मिरजेतच, घराच्या फाटकात राहिलं. गाडी मोडली वगैरे काही नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती एकच अख्खी गाडी होती, आणि मागच्या चाकावर, सीटवर, दिनकरची बायको वैजयंता बसलेली होती.

तीनचाकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतं ते पुढं एक चाक आणि मागं दोन. ही उलटी होती. पुढं दोन चाकं, त्यांच्यावर लाकडी हौदा, आणि हौद्यात दोन्ही बाजूंना माणसांना बसायला फळ्या ठोकलेल्या. चालवणारा सगळ्यांच्या मागं. म्हणजे त्याच्यापुढं सगळं बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडाच्या पुढं कुठंतरी रस्ता. दिनकरनं ती बाजारात पाहिली आणि त्याच्या अंगातच आलं. पेट्रोल नको, लायसन नको, सिलिंडर आणा, दळण आणा, रविवारी सगळं घर घेऊन फिरा! चालवणार कोण, हे त्यानं गाडी दारात उभी केल्यावर विचारलं. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न तो नेहमी मोठ्यानं विचारायचा.

"माझा गुडघा तुला माहितीच आहे," तो म्हणाला. "आणि तू तर शाळेला सायकलनं जायचीस की."

जायची खरी. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

त्या सकाळी वैजयंता दहाच्या एस्टीनं एकटीच बेडगला निघाली होती. तिची आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली. आईच्या शेजारच्या लीलाकाकूंचा फोन आला होता, की आता पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागतं, पण काल आई म्हणाल्या, वैजूच्या हातची शेवयाची खीर खाईन. आलीस तर आजच ये. एवढंच म्हणून काकूंनी फोन ठेवला होता, आणि त्यांनी जे सांगितलं नाही ते वैजयंताला नीट ऐकू आलं होतं. खीर करून, डबा भरून, पातळ बदलून ती उंबऱ्यात आली, तर समोर गाडी.

"एस्टीनं एकटी जाणार? बरं दिसतं का ते?" दिनकर म्हणाला. "सगळेच जाऊ. नव्या गाडीची पहिली फेरी तुझ्या माहेरी!"

सगळे म्हणाले, नवरा असावा तर असा. वैजयंतालाही क्षणभर तसंच वाटलं, आणि त्या क्षणाचा राग तिला पुढं दिवसभर येत राहिला.

डब्याचं आधी सांगायला हवं. वैजयंताच्या आईनं आयुष्यात कुणाचा डबा रिकामा परत पाठवला नाही. डब्यातून काही आलं की डबा धुऊन, पुसून, आत गुळाचा खडा टाकूनच ती तो परत द्यायची. एकदा घरात गूळसुद्धा नव्हता, तर परसातल्या दोन ओल्या शेंगा घालून दिला. तिच्या घरी साखर फक्त पाहुण्यांच्या चहापुरती यायची. वैजयंताच्या सासरी या गुळाच्या खड्यावरून चेष्टा चालायची, पण खडा कुणी ना कुणी तोंडात टाकायचंच.

गाडीची पूजा सासूबाईंनी केली. त्यांना वैजयंता त्या भागातल्या पद्धतीप्रमाणं आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंनी हँडलला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, खडीसाखर वाटली आणि उरलेले दोन खडे पदराच्या गाठीला बांधले. तीन चाकांखाली तीन लिंबं ठेवली. मग वैजयंताला म्हणाल्या, "लिंबू फुटल्याबिगर पाय खाली टेकायचा नाही. पहिल्या फेरीला चालवणाऱ्याचा पाय भुईला लागला, की ज्याच्याकडं निघालो त्याच्या जिवावर येतं."

असं म्हटल्यावर कोण टेकवणार?

बसताना मानाप्रमाणं, रस्त्याकडं तोंड करून बसले. सगळ्यात पुढं सासरे, म्हणजे मामंजी, त्यांच्याशेजारी दिनकर, मग दीर-जावा, मग नणंद आणि तिचे यजमान, मध्येच वैजयंताची नऊ वर्षांची सई. आत्याबाईंना पुढचं वारं सोसत नव्हतं. त्या सगळ्यात मागं, सीटला लागून, उलट्या तोंडानं बसल्या. बाकी सगळ्यांच्या मानगुटी आणि एकट्या आत्याबाईंचा चेहरा, एवढंच वैजयंताला दिसत होतं.

तिनं पहिलं पायडल मारलं. पुढची दोन लिंबं फट् फट् फुटली. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तिसरं फुटलं नाही.

सायकल आपल्याबरोबर कलते, हे वैजयंताच्या अंगात अजून शिल्लक होतं. वळताना ती आपसूक डावीकडं झुकली, पण गाडी झुकली नाही. ती पाटासारखी सपाट राहिली आणि वैजयंता एकटीच कलून सीटवरून घसरता घसरता राहिली. हँडल वळवलं की अख्खा हौदा माणसांसकट वळायचा, आणि माणसं म्हणायची, हळू गं! घंटी हौद्याच्या पुढच्या टोकाला बसवलेली होती, ती मामंजी वाजवत होते. पायडल जड होतं, पण फिरत होतं. चेन फिरत होती. दहा-बारा पायडलं झाल्यावर तिनं बाजूला पाहिलं, तर फाटकाचा खांब कोपराशी होता तिथंच होता, आणि खांबावरची भोकरे नावाची पाटीही.

हौदा लांब झाला होता. ती जेवढं पायडल मारायची तेवढा तो पुढं वाढायचा. लाकूड करकरत नव्हतं, फळी कुठं जोडल्यासारखी दिसत नव्हती. नणंद मघाशी हाताच्या अंतरावर होती ती आता कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसमोर बसली होती आणि मामंजी तर वळणापलीकडं दिसेनासे झाले होते. मागचं चाक लिंबाला टेकून उभं होतं.

"आत्याबाई, आपण हाललो नाही," वैजयंता म्हणाली.

"पुढचे गेले की. एक घर म्हटल्यावर कोण पुढं, कोण मागं, असं बघायचं नसतं. मार पायडल."

हौदा लांब झाला म्हणजे फळीवर जागा झाली. आणि रिकामी जागा दिनकरला बघवत नसे. वाटेत जो ओळखीचा दिसेल त्याला तो हाक मारायचा, या की, बसा की, बेडगला निघालोय, सासूबाई आजारी आहेत. आजारी माणसाला बघायला जायचं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? माणसं चपला काढून हौद्यात चढत होती.

पण सगळा दोष दिनकरवर टाकून चालणार नाही. शेजारच्या कडूबाई फाटकापाशी आल्या आणि रीतीप्रमाणं विचारलं, "कुठं निघालाय?" वैजयंतानंही रीतीप्रमाणं सांगितलं, "बेडगला. येताय का?" हे असं म्हणायचं असतं. ऐकणाऱ्यानं, नको बाई, या जाऊन, असं म्हणायचं असतं. कडूबाई म्हणाल्या, "येते की," आणि चढून आत्याबाईंच्या शेजारी बसल्या. फळी त्यांच्यापुरती वाढली. पुढचे सगळे हातभर आणखी लांब गेले.

बसल्या बसल्या कडूबाईंना डबा दिसला. "खीर काय? गार होईल की. पुढं दे, तेवढीच लवकर पोचेल."

हे पटण्यासारखं होतं. वैजयंतानं डबा दिला. कडूबाईंनी झाकण उघडून साखर बघितली, मग पुढं दिला. पुढचीनं वेलदोडा बघितला. मानगुटी एकामागून एक खाली वाकत होत्या आणि वर होत होत्या, गिरणीपर्यंत, वळणापर्यंत, तिथून पुढं वैजयंताला दिसत नव्हतं.

"आईला ठेवा म्हणावं," ती ओरडली.

"ठेवणार की. माणसं आहेत, राक्षस आहेत होय?" आत्याबाई म्हणाल्या.

ऊन चढलं. निरोप फळीवरून येऊ लागले. पुढचे मागच्याला सांगायचे, मागचा त्याच्या मागच्याला, आणि शेवटी कडूबाई आत्याबाईंना आणि आत्याबाई वैजयंताला. निरोपात काना-मात्रेचा फरक पडत नव्हता, फक्त वेळ लागायचा. रेल्वे फाटक ओलांडलं. वजनकाटा आला. द्राक्षबागा लागल्या, मामंजी म्हणतात यंदा घड चांगले आहेत. वैजयंताच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, आणि गल्लीतलं कुत्रं तिच्या चाकाच्या सावलीत येऊन झोपलं होतं.

एकदा ती थांबली. मागं फिरून दहाची गेली तरी साडेअकराची एस्टी धरावी, असा साधा विचार तिच्या मनात आला. तिनं डावा पाय पायडलवरून काढला. आत्याबाई नुसतं त्या पायाकडं बघत राहिल्या. पाय भुईपासून वीतभर वर अधांतरी राहिला. त्याच्याखाली फाटकाची फरशी होती, जी ती रोज पहाटे धुवायची. तेवढ्यात निरोप आला, गाडी का थांबली, वेस दिसायला लागली. तिनं पाय परत पायडलवर ठेवला.

"माझी आई गेली तेव्हा मी पापड लाटत होते," आत्याबाई अचानक म्हणाल्या. "दोनशे झाले होते. निरोप आला."

"मग?"

"मग काय. पीठ भिजवलेलं होतं. उरलेले शंभर लाटले आणि गेले. तोवर नेलं होतं."

सोळा वर्षांच्या संसारात वैजयंताला ही गोष्ट पहिल्यांदाच कळली. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त चीड आली. ज्या बाईला हे माहीत होतं, तीच बाई माझ्या पायावर पहारा देत बसली आहे!

दुपारी पुढची चाकं बेडगला, वैजयंताच्या माहेरच्या अंगणात पोचली.

"पोचलो म्हणतात," आत्याबाईंनी सांगितलं. "सगळे उतरले नाहीत. पुढचे चौदा जण उतरून सोप्यात बसलेत. बाकीचे जागा होईल तसे."

"आई?"

निरोप गेला. उत्तर यायला बराच वेळ लागला. तोवर वैजयंता पायडल मारत राहिली, कारण तिला वाटत होतं की आता तरी चाक हलेल.

"आई विचारतात, वैजू कुठं आहे."

"आलेच म्हणावं. मागंच आहे म्हणावं."

"खीर पोचली म्हणतात. चमचाभर होती. गोड झाली होती म्हणतात."

वैजयंताला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. हँडल दुसऱ्या हातात तसंच होतं.

पुढचा निरोप सईचा होता. आजी उठून बसलीय.

त्याच्या पुढचा दिनकरचा होता. सासूबाई चुलीपुढं गेल्यात. लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं आलीत, चहाशिवाय कशी पाठवू, म्हणतात.

"त्यांना उठू देऊ नका!" वैजयंता ओरडली. "अहो, त्यांना पाणीसुद्धा चमच्यानं पाजतात! लीलाकाकूंना सांगा म्हणावं!"

निरोप गेला, आला. "आम्ही नको नको म्हटलं. लीलाकाकू पण नको म्हणाल्या. त्या ऐकत नाहीत."

"मग कुणी चहा घेऊ नका म्हणावं!"

गेला, आला. "त्यांना वाईट वाटेल. आणि छान झालाय चहा."

चौदा कप झाले. चौदा जण परत हौद्यात बसले आणि दुसरे चौदा उतरले. आजारी घरी जाऊन चहा न घेता यायचं, तर गेल्यासारखं दिसत नाही. कडूबाईंनी निरोप पाठवला, माझा बिनसाखरेचा. पुढून निरोप आला की सगळ्यांना मिळेल, घाई नको.

मग सईचा निरोप आला. आजी लहान होतेय.

"म्हणजे कशी?" वैजयंतानं विचारलं.

"एक कप ओतला की थोडी लहान होते. मघाशी पपांच्या खांद्याला लागत होती. आता माझ्याएवढी आहे."

"सईला म्हणावं, आजीचा हात धर. तिला ओतू देऊ नको."

"आजी म्हणते, पाहुण्यांसमोर असं करू नये."

वैजयंता उभी राहून पायडल मारू लागली. सीटवरून उठून, सगळं अंग एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, शाळेचा चढ चढताना मारायची तशी. चेन कडकडत होती. पण तिच्या प्रत्येक पायडलनं बेडगच्या बाजूला हौदा वाढत होता, तिथं जागा होत होती, आणि त्या जागेवर वेशीपलीकडून आणखी माणसं येऊन बसत होती. त्यांच्यासाठी आणखी आधण ठेवलं जात होतं. हे तिच्या ध्यानात यायला तीसेक पायडलं गेली. ध्यानात आल्यावर ती थांबली.

"का थांबलीस?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी जेवढी जाते तेवढा चहा होतोय."

हौदा होता तेवढाच राहिला. पण बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा चहा अजून व्हायचा होता, आणि तो थांबवणं वैजयंताच्या हातात नव्हतं.

"सई म्हणते, आजी आता चुलीएवढी आहे."

"आई विचारतात, वैजू आली का."

"आलेच म्हणावं," वैजयंता म्हणाली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"तुझा कप झाकून ठेवलाय म्हणतात. गार होतोय."

"सई म्हणते, आजी पातेल्याला टेकून उभी आहे. पळी दोन्ही हातांनी धरलीय."

मग बराच वेळ काही आलं नाही. उन्हं कलली. कडूबाईंचा कप आला, हातोहात, बशी घालून, आणि त्यांनी तो फुंकर मारून प्यायला. कपाला आईच्या घरच्या धुराचा वास होता. वैजयंतानं तो वास ओळखला आणि तोंड फिरवलं.

शेवटी सईचा निरोप आला. "आजी पातेल्यामागं गेली. आता दिसत नाही."

"पातेलं सरकवून बघ म्हणावं."

"पपा म्हणतात, पातेलं तापलंय, हात लावू नको."

पुढून एक निरोप एवढाच आला, की सगळ्यांचं झालं, निघतो, भेट छान झाली. आणि त्या निरोपामागोमाग डबा यायला लागला.

वळणावरून तो दिसू लागला तेव्हा वैजयंता एकटक बघत राहिली. स्टीलचा गोल डबा, झाकण घट्ट लावलेलं. एका हातातून दुसऱ्या हातात, या फळीवरून त्या फळीवर. काही जण तो नुसता पुढं द्यायचे, काही जण क्षणभर मांडीवर ठेवायचे. झाकण कुणी उघडलं का, हे मानगुटींच्या पाठीमागून दिसत नव्हतं. गिरणीपाशी तो थोडा जास्त वेळ राहिला. मग कडूबाईंकडं आला, आणि कडूबाईंकडून आत्याबाईंकडं.

आत्याबाईंनी तो कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. त्यांनी वैजयंताकडं पाहिलं नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढला, डबा पदराआड घेतला आणि तिथं त्यांच्या बोटांची काहीतरी खुडबुड झाली. मग झाकण दाबून डबा पुढं केला.

"घे. आईनं तुझ्या साखर घालून दिलाय."

डबा आतून ओला होता. तळाला खडीसाखरेचा एक खडा होता, एका बाजूनं कुंकवानं लाल झालेला. आत्याबाईंच्या पदराची गाठ सुटलेली होती.

वैजयंतानं मान वर करून हौद्यावर नजर टाकली. वळणापर्यंत मानगुटी होत्या, वेण्या, टकलं, टोप्या. एवढ्यांपैकी कुणीतरी वाटेत गुळाचा खडा तोंडात टाकला असेल. नाहीतर गूळ घालणारं तिथं कुणी उरलंच नसेल. तिनं मोठ्यानं विचारलं, "डब्यात गूळ होता का?"

एकही मान वळली नाही.

"खा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच अगदी हळू निघाला. "रिकाम्या तोंडानं बसू नये."

तिनं खडा तोंडात टाकला. कुंकवाची कडवट चव आधी आली.

"गोड आहे?"

"आहे."

खाली फट् आवाज झाला. लिंबाचा रस तिच्या घोट्यावर उडाला, आणि सावलीतलं कुत्रं उठून बाजूला झालं.

"फुटलं," आत्याबाई म्हणाल्या. "आता टेकव पाय."

वैजयंतानं पाय खाली सोडला. पण तो भुईला लागायच्या आत चाक चालायला लागलं होतं.